घायपाताचा निवांत घोट

वाशीला, नेरूळला किंवा बेलापूरच्या एखाद्या परमिट रूममध्ये टकिला मागवली, की तिच्याबरोबर मीठ आणि लिंबाची फोड न मागता येते. हाताच्या पाठीवर मीठ, एका दमात छोटा ग्लास रिकामा, मग लिंबू दाताखाली. सगळा कार्यक्रम पाच-दहा सेकंदांत आटोपतो. ज्या पेयाच्या कच्च्या मालाला शेतात वाढायला सहा-सात वर्षं लागतात, त्याची चव घ्यायला एवढाच अवधी मिळतो. सुमार टकिलासाठी ही पद्धत योग्यच आहे, कारण मीठ कडवटपणा दाबतं आणि लिंबाचा आंबटपणा घशातली जळजळ झाकून टाकतो. पण बाटली बरी असेल, लाकडी पिंपात काही महिने मुरलेली असेल आणि तरीही महिन्याचं गणित बिघडवणारी नसेल, तर ती एखाद्या चांगल्या व्हिस्कीसारखी सावकाश पिता येते का? येते. मात्र त्यासाठी पिण्याआधी थोडं वाचावं लागतं, तेही बाटलीवरच.

त्या लिंबाच्या फोडीत एक इतिहास दडलेला आहे. मेक्सिकोत टकिलाबरोबर जे लहान, पातळ सालीचं हिरवं लिंबू येतं ते आपलं कागदी लिंबूच. ही जात मूळची आशियातली, स्पॅनिश जहाजांबरोबर अमेरिकेत गेलेली. उलट दिशेने, युरोपीय जहाजांमधूनच, मेक्सिकोची एक वनस्पती आपल्याकडे आली आणि दख्खनच्या माळरानावर अशी रुजली की आज ती परकी वाटतच नाही. ती म्हणजे घायपात. मराठवाड्यात तिला केकताड म्हणतात. शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला कुंपण म्हणून ती लावली गेली. तिच्या पानांतून निघणाऱ्या वाखाचे दोर, कासरे पिढ्यान्‌पिढ्या वळले गेले. टकिला ज्या निळसर वनस्पतीपासून होते ती याच घायपाताची सख्खी बहीण आहे.

मेक्सिकोत या कुळाचं नाव अगावे. त्याच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत, पण टकिलासाठी कायद्याने एकच चालते: निळा अगावे, म्हणजे ‘अगावे टकिलाना’. तोही हालिस्को हे पूर्ण राज्य आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित, तामाउलिपास या चार राज्यांतला ठरावीक भाग, एवढ्याच प्रदेशात पिकलेला. १९७४ साली मेक्सिकोने या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं. २००६ साली टकिला गावाभोवतालची अगावेची शेतं आणि जुने कारखाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. भारताच्या भौगोलिक निर्देशांक नोंदवहीतही ‘टकिला’ हे नाव मेक्सिकोच्या नावावर आहे. त्यामुळे इथल्या घायपातापासून कोणी कितीही उत्तम दारू गाळली, तरी तिला टकिला म्हणता येत नाही.

वनस्पती तयार झाली, की ‘हिमादोर’ म्हणवणारा कसबी कामगार धारदार गोल पात्याच्या अवजाराने तिची पानं तासून काढतो. उरतो तो मधला गड्डा. अननसासारखा दिसतो म्हणून त्याला ‘पिन्या’ म्हणतात. वजन सहज तीस-चाळीस किलो, कधी त्याच्या दुप्पट. त्यात साखर थेट नसते, इन्युलिन जातीची लांब साखळ्यांची कर्बोदकं असतात आणि यीस्टला ती पचत नाहीत. उष्णतेने या साखळ्या तुटून फ्रुक्टोज सुटं होतं, म्हणून गड्डे शिजवावे लागतात. विटांच्या भट्टीत याला दीड-दोन दिवस लागतात, पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये काम काही तासांत होतं. आणखी घाई असेल तर ‘डिफ्यूझर’ नावाचं यंत्र कच्च्या गड्ड्यातूनच दाबाच्या पाण्याने सगळा गोडवा उपसून घेतं. स्वस्त आणि महाग टकिलातला पहिला फरक इथेच पडतो. सावकाश शिजलेल्या गड्ड्याला भाजलेल्या रताळ्याचा, काकवीचा वास येतो. तो वास पुढे किण्वन, ऊर्ध्वपातन आणि पिंप या सगळ्यांतून टिकून ग्लासापर्यंत पोचला, तर ती टकिला सावकाश पिण्याच्या लायकीची.

आता लाकूड. पिंपात न मुरलेली किंवा दोन महिन्यांहून कमी मुरलेली ती ‘ब्लांको’. किमान दोन महिने मुरली की ‘रेपोसादो’, म्हणजे विसावलेली. किमान एक वर्ष, तेही सहाशे लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात, तर ‘अन्येहो’. तीन वर्षांपुढे ‘एक्स्ट्रा अन्येहो’, हा वर्ग २००६ साली आला. रेपोसादोच्या पिंपाला आकाराचं बंधन नाही. काही कारखाने ती हजारो लिटरच्या लाकडी टाक्यांत ठेवतात. लाकडाचा स्पर्श कमी, म्हणून रंग फिका आणि मूळ वनस्पती जास्त ठळक. बहुतेक लहान पिंपं अमेरिकेतून येतात. बर्बन व्हिस्की तिथल्या कायद्यानुसार आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं बर्बनवाल्यांना पुन्हा चालत नाहीत. ती हालिस्कोला जातात आणि टकिलाला व्हॅनिला, लवंग, सुक्या खोबऱ्याच्या छटा देतात. लाकडातल्या लिग्निनमधून व्हॅनिलिन सुटतं, लवंगेचा वास युजेनॉलचा, खोबऱ्याचा ओकमधल्या लॅक्टोनचा.

वय जास्त म्हणजे दारू चांगली, हा व्हिस्कीने लावलेला नियम टकिलाला जसाच्या तसा लावता येत नाही. बार्लीचं पीक काही महिन्यांत येतं, तिची दारू पिंपात दहा-बारा वर्षं राहून आपलं व्यक्तिमत्त्व मिळवते. अगावेचं उलट आहे: त्याची बरीचशी वर्षं शेतातच खर्ची पडलेली असतात आणि चव त्या गड्ड्यात आधीच साठलेली असते. लाकूड जास्त झालं तर तीच चव झाकली जाते. म्हणून मध्यम किमतीत अन्येहोपेक्षा रेपोसादो घेणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. चार-आठ महिन्यांत लाकूड कडा घासून गुळगुळीत करतं आणि बाजूला होतं. १९७४ साली एरादुरा या कारखान्याने पहिली व्यावसायिक रेपोसादो बाजारात आणली असं मानलं जातं, आणि मुरलेल्या टकिलांत आजही तोच सर्वांत समतोल वर्ग आहे.

बाटलीवर सर्वांत आधी शोधायचे शब्द म्हणजे ‘शंभर टक्के अगावे’. ते नसतील तर आतला माल ‘मिक्स्तो’ असतो: किमान ५१ टक्के साखर अगावेची, उरलेली उसाची किंवा दुसऱ्या कशाची चालते. दुकानात ‘गोल्ड’ नावाने मिळणाऱ्या सोनेरी टकिलांपैकी पुष्कळ मिक्स्तो असतात आणि त्यांचा रंग पिंपातून नव्हे, कॅरमलमधून आलेला असतो. जगात सर्वाधिक ओळखीची होसे कुएर्वो एस्पेशियल याच गटातली. घराणं मात्र फार जुनं आहे. १७५८ साली स्पेनच्या राजाकडून त्यांना जमीन मिळाली आणि १७९५ साली दारू गाळण्याचा परवाना. याच घराण्याची ‘१८००’ ही रेपोसादो शंभर टक्के अगावेची आहे. एकाच घरातल्या या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखल्या, तर मिक्स्तो आणि शुद्ध यांतला फरक कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर कळतो.

लेबलावर आणखी एक खूण असते: ‘नॉम’ या अक्षरांपुढचा चार आकडी क्रमांक. तो ब्रँडचा नसून कारखान्याचा असतो. पात्रोनचा १४९२, एरादुराचा १११९. दोन वेगळ्या नावांच्या, वेगळ्या किमतींच्या बाटल्यांवर एकच क्रमांक दिसला, तर दोन्ही एकाच छपराखाली तयार झाल्या आहेत हे समजावं. याउलट एक गोष्ट लेबलावर सहसा दिसत नाही. मुरलेल्या टकिलात कॅरमल रंग, ओकचा अर्क, ग्लिसरिन आणि साखरेचा पाक हे चार पदार्थ वजनाच्या एक टक्क्यापर्यंत मिसळण्याची नियमांत मुभा आहे. एखादी रेपोसादो केकवरच्या आयसिंगसारखी गोड आणि जिभेवर तेलकट लागली, तर संशय घ्यायला हरकत नाही.

‘परवडणारी’ हा शब्द मात्र नवी मुंबईत वेगळ्याच अर्थाने वापरावा लागतो. पश्चिम किनाऱ्यावर परदेशी मालाचं एक मोठं दार म्हणजे न्हावा-शेवा. उरण तालुक्यातलं हे बंदर १९८९ साली सुरू झालं. बाहेरून येणाऱ्या बहुतेक कडक मद्यावर भारतात १५० टक्के सीमाशुल्क आहे. म्हणजे एखादी बाटली इथे उतरताना हजार रुपयांची धरली गेली, तर गोदीबाहेर पडेपर्यंत ती अडीच हजारांची होते. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा. २०२१च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. २०२५च्या फेब्रुवारीत केंद्राने अमेरिकन बर्बनवरचं सीमाशुल्क १५०वरून १०० टक्क्यांवर आणलं. टकिलाला केंद्राची तशी सवलत मिळाली नाही. हालिस्कोत गेल्या काही वर्षांत अगावेचा भाव किलोला तीस पेसोंच्या आसपासवरून एक आकडी झाला, शेतकरी हवालदिल झाले, पण वाशीच्या वाइन शॉपमधल्या किमतीवर त्याचा काही परिणाम दिसण्याची शक्यता कमी, कारण त्या किमतीत अगावेचा वाटाच लहान आहे. परमिट रूममध्ये बसून प्यायचं तर १ नोव्हेंबर २०२३पासून तिथला व्हॅट पाचऐवजी दहा टक्के झाला आहे. गोव्याहून स्वस्त बाटली आणावी म्हटलं, तर विनापरवाना ती सीमेपलीकडून आणणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे आणि बांद्याच्या नाक्यावर तपासणी होते.

एवढे कर भरून आलेला घोट पाच सेकंदांत घशाखाली ढकलू नये, हे त्यामुळेच अधिक पटतं.

चाखायला फार सरंजाम लागत नाही. रिडेल या ऑस्ट्रियन काचकंपनीने टकिलासाठी खास उभट, अरुंद ग्लास काढला आहे. तो नसेल तर वाइनचा लहान ग्लास पुरतो. तोंड आत वळलेलं असलं, की वास वर साठून राहतो. जाड बुडाच्या शॉट-ग्लासात तो उडून जातो. तीस मिलिलिटर ओतून दोन-चार मिनिटं तसंच राहू द्यावं. नवी मुंबईतला एप्रिल-मे हा इथला खरा अडथळा. खोलीचं तापमान बत्तीस-तेहतीस असेल तर अल्कोहोलची वाफ आधी नाकात घुसते आणि बाकी सगळं मागे राहतं. अशा वेळी ग्लास पाचेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावा. बर्फ टाळावा, त्याने वासच गोठतो. फार तिखट वाटलं तर साध्या पाण्याचे चार-पाच थेंब पुरेत.

नाक ग्लासात खोल न घालता कडेशी धरावं, तोंड किंचित उघडं ठेवावं. आधी भाजका गोडवा येतो, मग मिरीसारखा, ओल्या मातीसारखा, कधी संत्र्याच्या सालीसारखा वास. व्हॅनिला आणि लवंग त्यानंतर यायला हव्यात. त्या पहिल्या आल्या आणि शेवटपर्यंत त्याच राहिल्या, तर लाकडाने झाडावर मात केली असं समजावं. पहिला घोट अगदी छोटा, जिभेला सवय होण्यापुरता. खरा निवाडा दुसऱ्या घोटावर, आणि त्याहूनही गिळल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटावर. स्वस्त मिक्स्तोचा शेवट चटका आणि साखर यांवर होतो. चांगल्या रेपोसादोचा शेवट कोरडा, किंचित कडसर, हिरवट असतो. तो कडसरपणा अगावेचा आहे आणि तो दोष नव्हे.

हा वास रसायनात पकडण्याचा प्रयत्न झालेला आहे. १९९६ साली बेन आणि पेपर्ड या दोन संशोधकांनी टकिलातल्या गंधद्रव्यांचा अभ्यास केला. पावणेदोनशेहून अधिक घटक ओळखले, त्यांतले सर्वांत प्रभावी पाच निवडले, त्यांत व्हॅनिलिनही होतं. पण ती पाच द्रव्यं एकत्र करून टकिलाचा वास काही परत उभा राहिला नाही. या निष्फळ प्रयत्नातच टकिलाची किंमत उघड होते: सावकाश शिजलेल्या गड्ड्याला बाटलीबंद अर्काने पर्याय देता येत नाही.

सोबतीला काय असावं? आगरी-कोळी पद्धतीचा झणझणीत चकणा स्वतंत्रपणे कितीही रुचकर असला, तरी रेपोसादोच्या बाजूला तो तिला बोलू देत नाही. भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे, पेरूची फोड, साधं पनीर चालतं. हालिस्कोची स्वतःची तोड अधिक गमतीची आहे: ‘सांग्रिता’ नावाचा आंबट-तिखट रस दुसऱ्या छोट्या ग्लासात घ्यायचा आणि आलटून पालटून एक घोट याचा, एक त्याचा. जुन्या पद्धतीत त्यात आंबट संत्र्याचा आणि डाळिंबाचा रस, वर मिरची. वाशीच्या घाऊक फळबाजारात मोसमात नागपूरची संत्री आणि सोलापूरची डाळिंबं शेजारी शेजारी मिळत असताना त्यासाठी तयार बाटली शोधण्याची गरजच नाही. थोडं कागदी लिंबू आणि चिमूटभर लाल तिखट घातलं की सांग्रिता तयार.

टकिलाभोवतीच्या दोन गैरसमजांचं निरसन इथेच केलेलं बरं. बाटलीत अळी असते ती टकिलात नव्हे, अगावेपासूनच होणाऱ्या मेस्काल या दुसऱ्या दारूच्या काही बाटल्यांत. आणि टकिला मधुमेहाला चालते, ही २०१४पासून फिरणारी समजूत चुकीच्या वाचनातून आली. मेक्सिकन संशोधक मर्सिडीज लोपेझ यांचं ते काम अगावेतल्या न पचणाऱ्या कर्बोदकांवर होतं. ती शिजवताना आणि आंबवताना संपतात, टकिलात उरत नाहीत. उरतं ते अल्कोहोल. ४० टक्के तीव्रतेच्या साठ मिलिलिटरच्या पेगमध्ये ते जवळपास १९ ग्रॅम असतं, आणि कोणतंही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. महाराष्ट्रात कडक मद्य पिण्यासाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो.

मेक्सिकोने आपल्या झाडाची दारू जगभर मानाने नेली, मग आपल्याकडे तसं का झालं नाही, हा प्रश्न न्हावा-शेव्याच्या परिसरात विशेष टोचतो. कारण याच उरणमध्ये एकोणिसाव्या शतकात मोहाच्या फुलांपासून दारू गाळणाऱ्या पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या आणि त्यांचा माल खाडीपलीकडे मुंबईला जात असे. मग १८७८चा मुंबई अबकारी कायदा आला. १८९२च्या ‘म्हौरा’ कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर आणि विकण्यावरच निर्बंध घातले. झाडाखाली पडलेलं फूल घरात ठेवणं जिथे संशयास्पद ठरतं, तिथे पिंप भरून वर्षभर थांबायला कोण धजावेल? मुरवण्यासाठी भांडवल लागतं आणि उद्याची खात्री लागते. मोहाला दोन्ही मिळालं नाही. फुलांवरचे निर्बंध महाराष्ट्राने २०२१ साली उठवले. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने मोहाची ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ बाटलीत आणली आहे. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला.

घायपाताचं नशीब त्या मानाने लवकर उघडलं. डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या पठारावर रानोमाळ वाढलेला हा अगावे पाहिला, आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात भट्टी उभारली आणि २०११ साली ‘डेस्मंडजी’ गोव्याच्या बाजारात आणली. २०२२मध्ये रक्षय धारिवाल यांची ‘माया पिस्तोला’ आली, तिच्यात रेपोसादो आणि अन्येहो असे मुरलेले प्रकारही आहेत. सीमाशुल्क नसल्याने तशाच दर्जाच्या आयात बाटलीपेक्षा या देशी बाटल्यांना किमतीत फायदा मिळतो.

चवीत मात्र त्यांनी टकिलाची नक्कल करावी अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं होईल. आपला घायपात म्हणजे ‘अगावे अमेरिकाना’. तो निळ्या अगावेपेक्षा मोठा होतो आणि तयार व्हायला बहुधा जास्त वर्षं घेतो. ओआहाका प्रांतात त्याच्याच एका उपजातीपासून मेस्काल गाळतात. शिवाय आपल्याकडची उष्ण हवा लाकडाचं काम झपाट्याने उरकते. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत पिंपातून दर वर्षी दहा-बारा टक्के दारू हवेत उडून जाते. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे देशी अगावे पिंपात किती ठेवायचा याचा हिशेब हालिस्कोच्या नियमावलीत सापडणार नाही, तो इथल्या गोदामातच महिन्या-महिन्याला चाखून ठरवावा लागेल. ग्राहकानेही तसंच करावं: एका ग्लासात शंभर टक्के अगावेची मेक्सिकन रेपोसादो, दुसऱ्यात देशी घायपाताची, दोन्ही पंधरा-पंधरा मिलिलिटर, आणि लेबल पाहण्याआधी कोणत्या ग्लासात झाडाचा वास जास्त टिकला आहे ते नाकाने ठरवावं.